टाकी फुल केली तरी काटा पाऊणवर, आणि अर्धी टाकी शिल्लक असताना काटा तळाला. जुन्या जीपला बाजारातला फ्लोट (टाकीतला तरंगता भाग, जो पातळी काट्याला कळवतो) लावलाय, वायरिंग चुकलंय का?

वायरिंग चुकलेलं नसावं, चुकला असेल तर फ्लोट. तुम्ही लिहिलंय त्यावरून नवा फ्लोट 240-33 वाला वाटतो, म्हणजे रिकाम्या टाकीला त्याचा विद्युत विरोध 240 ओहम आणि फुलला 33. बाजारात हा भरपूर मिळतो, पण 10 ते 180 वाला पण मिळतो आणि तो बरोब्बर उलटा, रिकाम्याला 10. दुकानदाराला विचारलं तर तो "सगळ्यांना चालतो" म्हणणार, त्यामुळे टाकीत टाकायच्या आधी फ्लोटचा हात वरखाली करून मल्टीमीटरवर स्वतः बघायचं.

पण आधी अर्थ, म्हणजे अर्थिंग, करंट बॉडीत परत जायची वाट, ती बघा. मी पावसजवळ राहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर, इथे खाऱ्या हवेत तांब्याची वायर आतून हिरवी होते आणि वरून प्लास्टिक एकदम नव्यासारखं. फ्लोटचा करंट टाकीच्या पत्र्यातून बॉडीला जातो आणि टाकी बसलेली असते रबरावर, त्यात रंग आणि गंज, मग मध्ये वीसतीस ओहम फुकटचे वाढतात आणि काटा खाली बसतो. माझ्या जीपला दोन पावसाळे हेच चाललं होतं, टाकी भरलेली असली तरी काटा कधीही तळाला, शेवटी मी त्याच्याकडे बघणंच सोडलं आणि मग एकदा भोस्ते घाटात खरंच डिझेल संपलं. मागे सामान, वर पाऊस, डिझेल आणून ओतलं तरी लाइनीत हवा गेलेली, हँडपंप मारून मारून अंगठा सुजला. घरी आल्यावर फ्लोटच्या स्क्रूखालून एक वेगळी वायर थेट चासीला नेली, जागा घासून चकचकीत केली, वर ग्रीस फासलं, तेव्हापासून काट्याने दगा दिला नाही.

अर्थ पक्की झाली की डॅशबोर्डवरच्या काट्याच्या मीटरला किती ओहम हवेत ते बघा. फ्लोटकडची वायर काढा, इग्निशन ऑन करा आणि त्या वायरपासून बॉडीपर्यंत एकेक रेझिस्टर धरून बघा, 10, 33, 47, 100, 220, पाच वॉटचे पांढरे चिनीमातीवाले घ्या, फार स्वस्त येतात. जुना मीटर गरम होऊन हळू चढतो म्हणून प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा, नाहीतर "हलतच नाय" म्हणून फसाल. माझा काटा 10 ला फुल आणि साधारण 110 ला रिकामा. तुमचाही तसाच असेल तर आता तुमचं कोडं सुटतं बघा, 240-33 चा फ्लोट अर्ध्या टाकीला शंभरच्या आसपास असतो, म्हणून मीटरला वाटतं संपलं.

त्यावर इलाज म्हणजे फ्लोटच्या वायर आणि अर्थच्या मध्ये 220 ओहम समांतर लावायचा. मग रिकाम्याला 240 चे होतात 115 आणि फुलला 33 चे 29. म्हणजे तळ खरा दाखवेल, फुल मात्र पाऊणच राहील. माझ्या मते हे चालतं, भरलेली टाकी आपल्याला माहीतच असते, काट्याची गरज पडते ती शेवटच्या पाच लिटरला. दोन्ही टोकं जुळवायची असतील तर मूळ गाडीचाच फ्लोट शोधा, भंगारातला चालेल. आणि तुमचा उलटा, 10-180 वाला निघाला तर रेझिस्टरने काही होणार नाही, परत द्या.

फ्लोटला थेट 12 व्होल्ट कधी देऊ नका, आतली बारीक तार जळून जाते. टाकीजवळ सोल्डरिंगही नको, पेट्रोल असेल तर मुळीच नको, जोड बाहेर लांब करून आणा आणि टाकीवर काम करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. फ्लोटचा हात टाकीच्या खोलीला पुरतोय ना आणि आतल्या आडव्या पट्टीला अडकत नाही ना तेही बघून घ्या, मग झाकण बसवा.

सगळं झालं की टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर टाका आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते मीटरच्या काचेवर मार्करने बारीक टिंब करून ठेवा, माझी टिंबं अजून आहेत.