सुट्टीचं वेळापत्रक

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक मिळालं. सकाळी बाग, दुपारी पन्नास पानं, संध्याकाळी स्वेटर आणि रविवारी रानफुलं. बारावीच्या अभ्यासाचा तक्ता असाच होता ना? तो फाडून टाक. चारही गोष्टी राहू देत, पण प्रत्येकीचा पसारा कमी कर.

आधी बाग, कारण तिथे उशीर चालत नाही. मेच्या उन्हात नर्सरीतली नाजूक रोपं आणून मारण्यात अर्थ नाही. अक्षय्य तृतीयेला आळी घालायची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा मोठ्या कुंडीत दोडका नि कारलं लाव. कारल्याचं बी टणक असतं, रात्रभर भिजत घाल. मातीवर पालापाचोळा पसर, ओल टिकते. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच तांब्या घेऊन धावू नकोस. दोन पेरं बोट मातीत घालून बघ. आत ओल असली तर ऊन उतरल्यावर पानं आपली आपण ताठ होतात.

स्वेटर नकोच. वैशाखात मांडीवर लोकर घेऊन कोण बसणार! सुती दोरा आण आणि सुलट टाक्यांचा हात पुसायचा रुमाल विण. टाका सुटला की तो ओळीओळीने खाली घसरतो आणि शिडीसारखी फट पडते. घाबरून सगळं उसवायचं नाही. क्रोशाच्या सुईने तो टाका पकडायचा आणि एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर यायचं. हे एकदा जमलं की पुढचं सोपं आहे.

वाचताना पानं मोजू नकोस, एवढंच सांगते. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याने लिहिलेलं आहे, तसंच वाच. वैशाखात वैशाखच.

आता फुलं. कासला जायचा हट्ट सध्या सोड. तिथला बहर ऑगस्ट-सप्टेंबरातला; मे महिन्यात नुसता कातळ दिसेल. घराजवळ वेताळ टेकडी आहे, तिथली एकच पायवाट धर. फोनने नाव सांगितलं की आपण पुढे चालू लागतो, म्हणून आधी पाकळ्या मोज, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते बघ, वहीत वेडंवाकडं का होईना, काढ. काळ्या कुड्याच्या पांढऱ्या फुलात मधोमध बारीक झालर असते, आणि त्याच्या कोवळ्या शेंगा जोडीने लोंबतात, टोकाशी एकमेकींना चिकटून. पांढऱ्या कुड्याच्या फुलात ती झालर नसते. झाडाखाली पाच मिनिटं उभी राहिलीस तर चूक व्हायची नाही.

कुंपणाकडेची एकदांडीही वहीत हवी. ती मूळची अमेरिका खंडातली, पण आता आपल्याकडे बारमाही. टणटणीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतील. फुलपाखरं कुठल्या रंगावर जास्त बसतात ते बघून ठेव. उत्तर मी सांगणार नाही.

पहिला पाऊस झाला की फोन कर. काळी मुसळी शोधायला जाऊ. सहा पाकळ्यांचं पिवळं फूल, पण अगदी जमिनीलगत, चालता चालता दिसत नाही. जुने कपडे घालून ये. रुमाल अर्धा झाला असेल तरी घेऊन ये, पुढचं इथे बसून विण.

तुझी,
मावशी