कप तोच ठेवा

महिनाभर एकच पांढरा कप जलरंगात रंगवूनही चित्रं सारखीच येतात, तर विषय बदलू का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, इतक्यात नको. बहुधा दर बैठकीत तुम्ही आकार, रंग, सावली, पार्श्वभूमी असं सगळंच एकदम साधायला जाताय. अशाने हात सरावतो, पण नजर तिथल्या तिथेच राहते. एका बैठकीला एकच गोष्ट शोधा.

सुरुवात छायाभेदांपासून करा, म्हणजे कुठे किती उजळ आणि कुठे किती गडद ते बघा. अल्ट्रामरीन ब्लू हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढे दोनच रंग घ्या. दोन्ही मिसळले की सुंदर राखाडी मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. डोळे किलकिले करून बघा. कपाची सावलीतली बाजू शेजारच्या उजेडातल्या राखाडी कापडापेक्षाही गडद निघू शकते. कप पांढरा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण ती बाजू भीत भीत फिकी ठेवतो आणि चित्र सपाट होतं. इथे घाई करू नका, कितीही बैठका जाऊ देत.

त्यानंतर आकार. कपाकडे वरून बघताना तळाची वक्ररेषा तोंडाच्या वक्ररेषेपेक्षा जास्त गोलावलेली दिसते. बहुतेक जण तळ सरळ रेषेत उरकतात. कडांचं म्हणाल तर उजेडाकडची कोरड्या कागदावर, सावलीकडची कागद ओलसर असताना. करता करता जमेल.

खिडकीच्या उजेडात बसत असाल तर फ्रेंच चित्रकार मोनेची पद्धत उचला. फ्रान्समधल्या रुआँ शहराचं कॅथीड्रल त्याने ३०हून अधिक वेळा रंगवलं, पण उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून तो दुसरा घ्यायचा. सकाळी सुरू केलेलं चित्र दुपारी पुढे ओढू नका. आणि कंटाळा आलाच तर खुर्ची वीतभर सरकवा. सेझान या फ्रेंच चित्रकाराने १९०६ मध्ये आपल्या मुलाला लिहिलं होतं की जागा न सोडता, नुसतं थोडं उजवीकडे-डावीकडे झुकूनही महिनोन्‌महिने पुरेल इतकं काम आहे. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता, हे विशेष!

रंगवताना आधीचं चित्र समोर ठेवू नका, नाहीतर कपाऐवजी त्याचीच नक्कल होते. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि त्या दिवशी काय शोधत होता ते लिहा. न बघता, आठवणीतून कप उभा करता आला की शेजारी एक लिंबू ठेवा. त्याचा पिवळा कपाच्या सावलीत उतरलेला दिसेल, आणि तिथे तुमचे दोन रंग पहिल्यांदाच अपुरे पडतील.