गॅस भरण्याआधी नंबर वाचायला शिक

सोलापुरात पारा ४२ वर गेला की फ्रिज दुरुस्तीचे फोन थांबत नाहीत, आणि घाईघाईत नवी पोरं हाताला लागेल तो गॅस भरून मोकळी होतात. तू तसं करू नकोस. आधी फ्रिजमागची प्लेट वाच, तिच्यावर आत कुठला गॅस आहे त्याचा नंबर असतो, जसं आर-१२ किंवा आर-१३४ए.

नंबरात गॅसची अख्खी कुंडली असते. त्यातल्या आकड्यात ९० मिळव, मग बेरजेचे तीन अंक ओळीने कार्बन, हायड्रोजन आणि फ्लोरिनचे अणू सांगतात. १३४ चे झाले २२४: कार्बन २, हायड्रोजन २, फ्लोरिन ४. १२ चे १०२: कार्बन १, हायड्रोजन शून्य, फ्लोरिन २. कार्बनचे बंध चार, त्यातले उरलेले दोन क्लोरिनकडे. हाच क्लोरिन वर जाऊन ओझोन फोडतो, हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ हद्दपार होत गेला. एके काळी मात्र तो वरदान वाटला होता, कारण त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया नाहीतर सल्फर डायऑक्साइड असायचा. गळती झाली की जिवावर बेतायचं.

आता घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए बराच येतो, म्हणजे आयसोब्युटेन. त्याला ९० चं गणित लागू नाही, आणि तो पेटतो! गॅस भरलेल्या लाइनला जोडकामाचा पेटता टॉर्च लावायचा नाही. खिडक्या उघड, पाइप कटरने काप, गॅस वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोज. आर-१३४ए सोबत कॉम्प्रेसरमध्ये लागणारं पीओई नावाचं कृत्रिम तेल हवेतली ओल पटकन ओढतं, त्याचा डबा उघडा सोडू नकोस. आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप जवळ नसेल तर गिऱ्हाईक कितीही चिडू दे, सिस्टिम उघडूच नकोस.