घरी रुग्णाचं करणाऱ्यांसाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने यंदा घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांचा सत्कार करायचं ठरवलं. नावं मागवली, तर एकही आलं नाही. कॉलनीत अशी बरीच घरं आहेत, हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्यापर्यंत कसं पोहोचावं?
*— एक कार्यकर्ती, सांगली*

उत्तर : नावं येणारच नाहीत. सासूचं, नवऱ्याचं, मुलाचं करणं हे मोजण्यासारखं काम आहे असं त्या स्वतःच धरत नाहीत. म्हणून प्रश्न बदला. 'घरच्या माणसाला एकटं ठेवून तुम्हाला दोन तास बाहेर पडता येतं का?' असं विचारा, उत्तर लगेच मिळेल. आशाताईंना अशी घरं माहीत असतात. मोठ्यांचे डायपर नेहमी घेणारं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानदाराला ठाऊक असतं, पण त्याच्याकडून नावं मागू नका. तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पिशवीत टाकायला सांगा, म्हणजे फोन करायचा की नाही हे ते घर ठरवेल. पुरुषांनाही विसरू नका. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरच्यांच्या देखभालीत होत्या, तसे 21.4 टक्के पुरुषही होते (यात मुलांचा सांभाळही धरलेला आहे).

सत्कार जरूर करा, पण शाल-श्रीफळ घ्यायला यायचं तर त्या बाईला घरी कोणीतरी बसवूनच यावं लागतं. तिला हवे असतात ठरलेले तास. 'काही लागलं तर सांगा' असं म्हटल्यावर कोणी सांगत नाही. 'दर बुधवारी चार ते सहा मी येते' असं म्हटलं की ती बँकेचं काम, स्वतःचा दवाखाना किंवा नुसती झोप ठरवू शकते.

सुरुवात मात्र बसण्यापासून करू नका, परक्या माणसाला रुग्णाजवळ बसवायला घर कचरतं. पहिला महिना औषधं आणणं, रेशन आणणं, दवाखान्यात नंबर लावणं एवढंच करा. मग दोनदा घरच्या बाईच्या सोबतीने बसा आणि तिसऱ्यांदा एकट्याने. त्याआधी एक कागद भिंतीवर लावून घ्या : औषधांच्या वेळा, कोणती बाजू लुळी आहे, पाणी चमच्याने की पेल्याने, डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिकेचा 108. बसणाऱ्याने एकट्याने उचलायचं नाही, कागदावर नसलेलं काही भरवायचं नाही आणि उपचारांविषयी सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि त्यामुळेच दारं बंद होतात.

असे उपक्रम मोडतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दहा जण मिळून पाच घरं घेतात आणि प्रत्येकाला वाटतं की आज दुसरं कोणी जाईल. एका घराला चौघी नेमा. प्रत्येकीचा महिन्यातला एक बुधवार ठरवा आणि येता आलं नाही तर बदली शोधणं तिच्याकडेच ठेवा. दोनच घरं झाली तरी चालतील, पण वर्षभर चालली पाहिजेत.

प्रश्न : सासूबाईंना पक्षाघात झालाय, त्या जमिनीवरच्या गादीवर असतात. मी एकटीच त्यांना उचलते. आता माझी कंबर गेली आहे. त्यांच्या माकडहाडावर लाल डागही दिसतोय.
*— एक वाचक, कराड तालुका*

उत्तर : ताई, आधी त्यांना खाटेवर घ्या. कंबर जाते ती जमिनीकडे वाकून उचलण्यामुळेच. खाट तुमच्या कमरेइतकी उंच हवी. पायांखाली खोबण असलेले, न घसरणारे लाकडी ठोकळे लावा आणि रात्री पडू नयेत म्हणून कडेला कठडा करा. दोन्ही बाजूंनी जाता यावं म्हणून खाट भिंतीपासून दूर ठेवा. खांद्यापासून मांडीपर्यंत एक चादर दुहेरी घालून अंगाखाली ठेवा. वर सरकवताना दोघींनी चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत घ्यायच्या, गुडघे वाकवायचे आणि एकदमच सरकवायचं. उचलायचं नाही. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो.

डागावर बोट दाबून सोडा. दाबलेली जागा क्षणभरही पांढरी पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे गरम, कडक किंवा जास्त काळी जागा शोधा. चोळू नका, आतली कातडी फाटते. मधे भोक असलेली गोल उशीही नको, ती भोवतालचा रक्तपुरवठा अडवते. दर दोन तासांनी कूस बदला. पाठीमागे उशी लावून थोडंच कलतं ठेवा, पूर्ण कुशीवर नको. पोटऱ्यांखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण तिच्यावरही कूस बदलावीच लागते. कातडी फुटली, पाणी आलं किंवा वास आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चादर धरायला दुसरी बाई हवीच. नणंदांना 'मदत करा' म्हणू नका, 'रविवारी सकाळी दहाला अंघोळीला या' असं सांगा.

प्रश्न : मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, तो 19 वर्षांचा झाला. सांभाळणाऱ्याला काही भत्ता मिळतो का?
*— एक वडील, नाशिक*

उत्तर : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तो किती आणि कसा द्यायचा हे राज्य ठरवतं. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना महिन्याला 600 रुपये ठरले आहेत. तुम्ही तुमच्याकडच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या.

त्याहून तातडीचं एक काम आहे. 18 पूर्ण झाल्यावर आई-वडिलांचं कायदेशीर पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. बँक, मालमत्ता आणि पुढे शस्त्रक्रियेच्या संमतीलाही अडचण येते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. याच न्यासाची 'निरामय' विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत उपचार देते. मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर ते आधी काढून घ्या, पुढच्या जवळपास प्रत्येक अर्जाला ते लागेल.