भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल: शून्य व्होल्टवाले 'जागे' करावेत का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या पाच जुन्या बॅटऱ्या आणल्या, फोडल्यावर तीस सेल निघाले. अठरा सेलवर मीटर ३.२ ते ३.९ व्होल्ट दाखवतो, चारांवर दोन-अडीच, आणि आठ शून्यावर आहेत. व्हिडिओत दाखवतात तसे हे आठ 'जागे' करता येतील का, आणि सगळे मिळून राउटर, पंखा किंवा सायकलची मोटर चालेल का?

आधी त्या आठांबद्दल. त्यांना 'जागे' करायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आजच बाजूला काढा. चार्ज केलेला सेल त्यांना समांतर लावून 'धक्का' देतात ते व्हिडिओ मीही पाहिलेत. त्यात खोटं काही नाही, सेल खरोखर चार्ज होतो. पुढे काय होतं ते मात्र कुणी दाखवत नाही.

मी कळव्याला राहते, बारा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. २०२१च्या जुलैत मी ०.९ व्होल्टचा एक सेल असाच उठवला होता. ३ व्होल्टपर्यंत हळूहळू आणला, मग टीपी४०५६ या नेहमीच्या चार्जिंग बोर्डावर लावला. तासाभरात ३.९ झाले, मला बरं वाटलं. या बोर्डावरचा लाल दिवा सेल भरला की विझतो आणि निळा लागतो. संध्याकाळी सातला बघितलं, लाल. आठला बघितलं, लालच. व्होल्टेज पुढे सरकत नव्हतं आणि करंट मात्र जातच होता. बोट लावलं तर सेल हातात धरवेना इतका तापलेला. चार्जरची पिन उपटली, चिमट्याने सेल उचलून बाल्कनीतल्या पाण्याच्या बादलीत टाकला. फुस्स आवाज झाला आणि नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा गोडसर वास सुटला. तो वास आला की खिडक्या उघडायच्या आणि माणसांनी खोलीबाहेर जायचं, कारण त्या वाफेत हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात. माझी मुलगी तेव्हा आतल्या खोलीत अभ्यास करत होती. त्यानंतर आजवर दोन व्होल्टच्या खालचा एकही सेल मी चार्जरला लावलेला नाही.

असं का होतं, तर सेलच्या आत तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा असे दोन वर्ख गुंडाळी करून ठेवलेले असतात आणि मध्ये केसाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा. सेल पार उतरून तसाच पडून राहिला की तांब्याचा वर्ख विरघळू लागतो. पुन्हा चार्ज केलं की हे विरघळलेलं तांबं भलत्या जागी जमतं आणि पडद्यातून पलीकडे पोचतं. म्हणजे सेलच्या पोटातच बारीक शॉर्ट तयार होतो. बाहेरून तो दिसत नाही, मीटरवरही लगेच कळत नाही.

काही सेल मीटरवर अगदी ०.०० दाखवतात. त्यांच्या टोपीखाली दाब वाढला की जोडणी तोडणारी चकती असते, ती बहुधा उडालेली असते. तेही टाकाऊच.

तुमचे आकडे मात्र मला अगदी ओळखीचे वाटले. सहा सेलच्या बॅटरीत दोन-दोन सेलच्या तीन जोड्या एकामागे एक असतात. एक जोडी बसली की आतला बोर्ड अख्खी बॅटरी कायमची बंद करतो आणि आपण म्हणतो बॅटरी गेली. तुमच्याकडे पाच बॅटऱ्यांत आठ सेल शून्यावर आहेत, म्हणजे चार जोड्या. त्या जोडीत मूळ दोषी बहुतेक एकच असतो, पण समांतर जोडलेला असल्याने त्याने शेजाऱ्यालाही खाली ओढलेलं असतं. म्हणून दोन्ही टाकायचे. उरलेल्या जोड्या पुष्कळदा धडधाकट निघतात, भंगारातली बॅटरी फोडण्यात अर्थ आहे तो एवढ्यासाठीच.

आता त्या अठरांकडे वळू. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून कामाला बसा. सेलची सगळी नळी ऋण असते, धन फक्त वरची टोपी, आणि दोघांत पांढऱ्या कागदी चकतीएवढंच अंतर. वरचं रंगीत प्लॅस्टिक कापलं गेलं असेल तर टोपीच्या कडेला निकेलची पट्टी टेकली तरी शॉर्ट होतो. फाटलेलं आवरण काढून नवीन स्लीव्ह चढवा, ती हेअर ड्रायरने सुद्धा आवळली जाते. नळीला पोचा असेल, टोपीपाशी गंज किंवा पांढरी भुकटी असेल, तर व्होल्टेज कितीही चांगलं असो, तो सेल आठांच्या डब्यात. राहिलेल्या पट्ट्या कापताना कटरच्या एका चाव्यात एकच पट्टी घ्या.

अंगावरचा कोड वाचा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. पुढे-मागे आयसीआर असेल तर कोबाल्टचा, आयएनआर असेल तर निकेल-मँगनीजचा, हे ४.२ व्होल्टपर्यंत भरायचे. आयएफआर दिसला तर तो लोखंड-फॉस्फेटचा, ३.६५च्या वर न्यायचा नाही. लॅपटॉपमध्ये तो सहसा नसतो, पण भंगारात सगळं एकत्र येतं. बॅटरीची मूळ खोकी टाकली नसतील तर लेबल बघा: १०.८ किंवा ११.१ व्होल्ट असेल तर ४.२चे सेल, ११.४ असेल तर ४.३५चे. ४.३५चा सेल ४.२पर्यंतच भरला तर काही बिघडत नाही, थोडा कमी भरतो इतकंच. उलटं केलं तर आग. आणि कुणी ९८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलेला सेल विकायला आला तर घेऊ नका, या आकारात खऱ्या सेलची मजल साधारण साडेतीन हजारांच्या आसपास असते. तुमचे बहुधा २२०० किंवा २६००चे असतील.

परदेशी व्हिडिओंत फेकलेल्या व्हेपमधून सेल काढतात. आपल्याकडे २०१९पासून ई-सिगारेटवर कायद्याने बंदी आहे, त्या वाटेला जाऊच नका. फोनची चपटी बॅटरी फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका. रिमोटमधला नाण्यासारखा सेल तर चार्ज करायचा नसतोच, आणि लहान मूल घरात असेल तर तो उघड्यावरही ठेवायचा नसतो.

चार्जिंगला बोर्डाचा मूळ १ अँपिअर करंट जुन्या सेलला जास्त वाटतो. टीपी४०५६वरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून २.४चा लावला की करंट निम्मा होतो. कडप्प्यावर किंवा फरशीवर काम करा, पडदा, गादी, गॅसची नळी जवळपास नको. मी घरी जागी असतानाच चार्ज करते, एका वेळी मोजके, आणि दर अर्ध्या तासाने हाताची मागची बाजू लावून बघते. कोमट चालेल. गरम लागला की तो सेल बाद.

भरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येक सेलवर मार्करने क्रमांक, तारीख आणि व्होल्टेज लिहा आणि महिनाभर ठेवून द्या. माझ्यासमोर आत्ता एक हिरवा सेल आहे, त्यावर लिहिलंय '१७, ४ मे, ४.१९'. ५ जूनला मीटरने ४.१७ दाखवलं, म्हणून ठेवला. त्याच्याच बॅटरीतून निघालेला १८ नंबर त्याच दिवशी ४.१९ होता, जूनमध्ये ४.०२. क्षमता मोजणाऱ्या चार्जरने त्याला १९०० एमएएच दिले होते, म्हणजे कागदावर उत्तम. पण नुसता बसून गळतोय, म्हणजे पोटात काहीतरी आहे. ४.१च्या खाली आलेला मी ठेवत नाही. हा महिना बहुतेक जण वाचवतात, आणि मला वाटतं बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

क्षमतेला चार्जर हवाच, मल्टिमीटरने ती कळत नाही. मूळ आकड्याच्या ८० टक्के राहिली असेल तर ठेवा, ६०च्या खाली गेली तर सोडा, मधले टॉर्चला ठीक. तुमचे ते दोन-अडीच व्होल्टचे चार? शिकताय तोवर तेही सोडून द्या.

वापराचं. समजा बारा-तेरा सेल महिन्यानंतर पास झाले. राउटर जरूर चालवा. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळी एकदम गेली तेव्हा मुलीचा ऑनलाइन वर्ग अर्ध्यावर तुटला होता, माझा पहिला पॅक त्यानंतरच झाला. चार सेल समांतर, प्रत्येकी १९०० एमएएच, म्हणजे साधारण २८ वॅट-तास. वाया जाणारं धरून सात वॅटचा राउटर तीन तास निघतो. समांतर जोडण्यापूर्वी सगळ्यांचं व्होल्टेज ०.०५च्या आत आणा, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात धो-धो ओततो. प्रत्येक सेलला फ्यूज ठेवा. सोल्डरिंग गन थेट सेलवर टेकवू नका, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डरने लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पट्टी आणि छोटा वेल्डर दोन्ही मिळतं. ते नको असेल तर सेल बसवायचे होल्डर घ्या.

आणि एक गोष्ट मी चुकत होते म्हणून सांगते: टीपी४०५६वर चार्जिंग चालू ठेवून तिथूनच राउटर चालवू नका. राउटर सतत करंट ओढतो, त्यामुळे सेल भरला हे बोर्डाला कळत नाही आणि तो ४.२वर अडकून राहतो. बिनसेलची तयार राउटर-यूपीएसची खोकी मिळतात, त्यात ही सोय असते. त्यात आपले तपासलेले सेल घाला.

पंख्याचा हिशोब करू. वीस सेल प्रत्येकी १८०० एमएएचचे धरले तरी १३३ वॅट-तास होतात. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी १८०० वॅट-तासांची असते. साधा सिलिंग फॅन ७५ वॅट खातो, दीड तासात खेळ संपतो. तेवढ्यासाठी पलंगाशेजारी अनोळखी इतिहासाचे वीस सेल ठेवू नका.

सायकलला तर नाहीच. पॅकला दहा सेलची साखळी लागते, साखळीत सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलटा ढकलतात. त्यात ऐरोली पुलाचा चढ, आपले खड्डे, जुलैचा पाऊस. लॅपटॉपचा सेल चढावरच्या एवढ्या करंटसाठी बनलेलाच नाही. २०२२मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यावर सरकारने बॅटरीचं मानक, एआयएस-१५६, कडक केलं. ते कारखान्यात नव्या सेलनाही पाळताना घाम फुटतो. वाटल्यास नवीन तयार पॅक घ्या.

बाद झालेले सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडला की तिथेच पेट घेऊ शकतो, आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताखालीही तो येऊ शकतो. ज्यांत थोडा जीव आहे ते १० ओहमच्या, ५ वॅटच्या पांढऱ्या रेझिस्टरवर रिकामे करा. मिठाच्या पाण्यात टाकू नका, टोकं कुजतात आणि आत चार्ज तसाच राहतो. मग टोकांना चिकटपट्टी, एकेक सेल कागदात, प्लॅस्टिकच्या बरणीत कोरड्या वाळूत. माळ्यावर नाही, तिथे मे महिन्यात भट्टी असते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतलं अधिकृत ई-कचरा केंद्र शोधा. मी पाच-सहा महिन्यांचे साठवून एकदम देते. बरणीवर मोठ्या अक्षरात 'लिथियम, खराब' लिहिते आणि देताना तोंडीही सांगते, कारण चिठ्ठ्या गळून पडतात.