डबीवर भाळू नकोस

अगं, पहिल्यांदाच मेकअपचं सामान घेतेयस ना, मग रंगाआधी झाकण बघ. जाड काचेच्या बाटलीतलं फाउंडेशन दिसतं झकास, पण पंप नसेल तर हमखास जास्त ओतलं जातं आणि बाटलीच्या तोंडाशी खपली धरते. मला ट्यूबच आवडते. संपत आली की कापून आणखी चार दिवस चालवता येते. उघड्या डबीतलं क्रीम मात्र नको. रोज त्यात बोट बुडवणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणं.

मस्काराची कांडी पंपासारखी वरखाली करू नकोस, आत हवा जाऊन तो वाळतो. गोल फिरवून बाहेर काढ. तसाही ३ ते ६ महिन्यांत बदलायचाच. बाकी वस्तूंवर उघड्या डबीचं चित्र आणि ‘१२ एम’ असं काही छापलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने.

कॉम्पॅक्टसोबत येणारा तो चपटा पफ? माझा सरळ कचऱ्यात जातो. फाउंडेशन लावायला स्पंज घे, पण ओला करून, घट्ट पिळून वापर, नाहीतर अर्धं फाउंडेशन तोच पितो. आणि फिरवायचं काजळ घेतलंस तर टोक जेमतेम बाहेर काढ. उन्हाळ्यात मऊ पडून मोडतं, आणि काहींचं तर आत परतही जात नाही!