तुटीचे दोन आकडे आणि तुझा मसुदा

प्रिय मित्रा,

मसुदा वाचला. ट्रम्प यांच्या 'बिग ब्यूटिफुल बिल'बद्दल, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाबद्दल लिहिताना तू तुटीचा एक आकडा उचललास, दुसरा सांगणाऱ्यांना खोटारडं ठरवलंस आणि मोकळा झालास. गंमत अशी, की दोन्ही आकडे एकाच कार्यालयाचे आहेत. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने (सीबीओने) जून २०२५ च्या अखेरीस सिनेटच्या मसुद्यावर दोन हिशेब दिले. एकात दहा वर्षांत तूट सुमारे ३.३ लाख कोटी डॉलरने वाढते, दुसऱ्यात सुमारे ०.५ लाख कोटींनी घटते.

असं का? २०१७ च्या कायद्यातल्या बहुतेक वैयक्तिक करसवलती ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होत्या. 'सध्याचा कायदा' पाया धरला, तर त्या संपल्या असं मानायचं. मग मुदतवाढ हा नवा बोजा ठरतो. 'सध्याचं धोरण' पाया धरलं, तर त्या चालूच राहणार असं मानायचं. मग मुदतवाढीचा खर्च शून्य. मधला ३.८ लाख कोटींचा फरक मुख्यतः एवढ्याचाच.

हा नुसता हिशेबनिसांचा वाद नव्हता. सिनेटमध्ये एरवी चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. रिकन्सिलिएशन या अंदाजपत्रकी विधेयकांसाठीच्या खास वाटेने साध्या बहुमतावर भागतं, पण तिथे बर्ड नियम आडवा येतो : ठरलेल्या कालावधीपलीकडे, इथे दहा वर्षांपलीकडे, तूट वाढवता येत नाही. करसवलती कायमच्या करायच्या होत्या, म्हणून रिपब्लिकनांनी सोयीचा पाया निवडला. मला विचारशील तर ही हातचलाखीच. अर्थात २०१७ मध्ये त्याच सवलतींना मुदत घातली होती, तीही याच नियमाच्या धाकाने! १ जुलैला सिनेटमध्ये मतं ५०-५० पडली, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक तरलं आणि ४ जुलैला त्यावर सही झाली.

तेव्हा तुटीचा आकडा लिहिलास की तो कोणी काढला, किती वर्षांचा आणि कशाच्या तुलनेत, हे त्याच वाक्यात यायला हवं. आणि दहा वर्षांची बेरीज एका वर्षाच्या जीडीपीने भागू नकोस. तिसऱ्या परिच्छेदात तू नेमकं तेच केलंयस.

कलमांच्या तारखाही मांडून बघ. वेटरसारख्यांना मिळणाऱ्या टिपांवरची (बक्षिशीवरची) करवजावट २०२५ ते २०२८ एवढीच आहे. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना, घेणाऱ्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास कामाची अट आहे, पण ती लागू करायला राज्यांना १ जानेवारी २०२७ पर्यंत मुभा. मधे नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुका येतात, हा योगायोग समजू नकोस.

अमेरिकेतून घरी येणाऱ्या पैशांवर तू अजून ५ टक्के कर लिहितोयस. तो पहिल्या मसुद्यातला दर. प्रतिनिधिगृहाने ३.५ टक्के मंजूर केला आणि कायद्यात उरला १ टक्का, तोही रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक अशांनी पाठवलेल्या रकमेवर, १ जानेवारी २०२६ पासून. बँक खात्यातून पाठवले तर कर नाही. नाशिक-साताऱ्यातले तुझे वाचक नेमकं हेच शोधत येतील.

बातमीआधी मूळ कागद वाच. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या शुल्काचं घोषणापत्र निघालं, तेव्हा वाणिज्यमंत्री लटनिक 'दरवर्षी एक लाख डॉलर' म्हणाले. मजकुरात 'दरवर्षी' कुठेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला : एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. तोवर भारतात सुट्टीवर आलेली कित्येक माणसं मिळेल त्या विमानाने परत निघाली होती. घोषणापत्रं आणि कार्यकारी आदेश 'फेडरल रजिस्टर' या सरकारी राजपत्रात छापले जातात, विधेयकांचे अधिकृत मसुदे काँग्रेसच्या संकेतस्थळावर असतात. दोन्ही फुकट.

राहिलं टॅरिफ, म्हणजे आयातशुल्क. 'चीन शुल्क भरतो' आणि 'सगळा भार ग्राहकावर' ही दोन्ही वाक्यं काढून टाक. सीमाशुल्क खात्याकडे पैसे भरतो अमेरिकेतला आयातदार, हे पक्कं. पुढे भार कोणावर सरकतो, ते मोजावं लागतं. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या आयात किंमत निर्देशांकात शुल्क धरलेलं नसतं. म्हणजे परदेशी विक्रेत्याने भाव पाडून भार सोसला असेल, तर तो निर्देशांक उतरलेला दिसायला हवा. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बहुतेक देशांवर शुल्क लादलं; त्याच्या आधीचे आणि नंतरचे बारा-बारा महिने घे, इंधन वगळ, आलेख काढ आणि मग तो परिच्छेद नव्याने लिहून पाठव.

तुझा,
काका